मामाचा प्याला

सोमी मांडवाच्या कडेला, जेवणाच्या पातेल्यांशेजारी बसली होती आणि तिचा आवाज माणसाच्या उंचीच्या चार स्पीकरमधून येत होता.

आवाज तिचाच, पण तिच्यापेक्षा चांगला. धाप नाही, खोकला नाही, मध्येच फाटणं नाही. खाली ठेका असा बसवला होता की पोरींचे पाय जागेवर राहत नव्हते. अंबाडीच्या आसपासच्या पाड्यांवर धवलेरी म्हणून सोमीने जन्मभर लग्नं लावली, देवांना गाऊन बोलावलं, हळद गाऊन लावली. पण तिच्या गाण्यावर असं कुणी कधी नाचलं नव्हतं. मघाशी तिचा स्वतःचाच अंगठा ठेक्यावर हलला, तेव्हा तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. गाणं बिघडलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. चांगलं झालं होतं, म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

हे सगळं शेलार गावच्या प्रितेश डीजेचं काम. मागे एका लग्नात त्याने तिच्या तोंडापुढे मोबाईल धरला, हातात थंड्याची बाटली दिली आणि तुझं नाव करतो म्हणाला. आज सकाळी नवऱ्यामुलाच्या आईने, जानकीबाईने, सोमीला मांडवाच्या दारातच गाठून सांगितलं की दिनेशला डीजेच पाहिजे, त्याचे भिवंडीच्या गोडाऊनमधले मित्र यायचेत. आणि गाणं तर तुझंच आहे, तू आपली आराम कर. सोमीने मान डोलावली. करते आराम, ती मनात म्हणाली.

ती वाट बघत होती. वरातीत प्रितेश गाण्याचा तुकडाच वाजवायचा. आज विधी होते म्हणून त्याने अख्खं लावलं होतं, आणि अख्खं गाणं त्याने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

हळदीची कडवी संपली. स्पीकरमधली सोमी म्हणाली, "गला माजा सुकला, मामा, ताडी पाज."

दिनेशच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. पाड्यावरची म्हातारी माणसं मात्र उठून उभी राहिली. धवलेरीने मागितलं की नवऱ्याच्या मामाने आपल्या हाताने पाजायचं, ती प्याली की मगच पुढचं कडवं. मागणं कोरडं गेलं तर लग्न कोरडं. दोघातिघांनी हात वर करून गाणं थांबवायला लावलं. मामा लडकू सकाळपासून स्वतःच पुरेसा ओला होता. तो भरलेला प्याला घेऊन मांडवाच्या मधोमध आला, चारी स्पीकरांकडे बघून गोंधळला आणि मग सवयीने सोमीपुढे येऊन उभा राहिला.

सोमीने हात मागे घेतले.

"मी कुठं मागितली?" ती म्हणाली. "ज्याने मागितली त्याला पाज. रीत हाय."

लडकू रीतीचा पक्का. तो तसाच वळला, डीजेच्या टेबलाशी गेला, आधी मशीनला हात जोडले आणि त्या बटणांवर प्याला उपडा केला. प्रितेश धावला, पण उशीर झाला. फट्ट झालं, जळका वास सुटला आणि मांडवात मागच्या जनरेटरची घरघर तेवढी उरली. हळद लागलेली नवरानवरी नुसती उभी.

जानकीबाई आली. सोमीबाय, आता तूच, म्हणाली. सोमीला ऐकू आलं होतं, तरी तिने ते पुन्हा म्हणायला लावलं. मग लडकूकडून दुसरा प्याला भरून घेतला, घोट घोट करून संपवला आणि पार पहिल्यापासून गायला सुरुवात केली.

आवाज फाटत होता. दोन कडव्यांत धाप लागली. म्हाताऱ्या बायका मागे साथ धरायला लागल्या, पण नाचणाऱ्या पोरी खाली बसल्या, एकीने जांभई दिली. सोमीने ती बघितली. मशीन मेलं तरी हरली तीच होती.

एवढ्यात प्रितेश आला. हसतच होता. त्याने स्टँडवर मोबाईल लावून तिच्या तोंडासमोर उभा केला.

"गा, आजे," तो म्हणाला. "खोकला काय, ॲप आपोआप काढतं."

आणि मशीन पुसायला मांडवामागे, घरघरत्या जनरेटरपाशी पळाला.

सोमीने मोबाईलवरच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. धवल्यात, लग्नाच्या या गाण्यात, सोयऱ्याधायऱ्यांची थट्टा करणारी कडवी असतातच. धवलेरी ती जागच्या जागी रचते. सोमीने घसा खाकरला, मान पुढे केली आणि एकेक शब्द सुटा करून गायली:

"शेलारचा प्रितेश चोर गो,
म्हातारीचा गला चोरला गो,
त्याची नवरी मांडवातून पलाली गो."

 मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावून तेच कडवं उचललं, एकदा सोडून चारदा, आणि पाड्यावरचं कुणी ते बाहेर सांगणार नव्हतं.

लग्न लागलं. प्रितेश मोबाईल घ्यायला आला तेव्हा सोमीने विचारलं, सगळं नीट भरलं ना.

"एकदम क्लिअर," रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर नुसती नजर टाकून तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात माझीच हळद हाय, आजे. ठेका बसवतो आणि पहिल्यांदा तिथंच लावतो."

सोमीने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आवाज मोठा ठेव," ती म्हणाली.