दांड्यातला सांधा

बाकड्यावर पाच गोष्टी होत्या. मधोमध तुटलेल्या स्टिअरिंगच्या दांड्याचे दोन तुकडे, त्याच्या टोकाची बॉल पिन, ती पिन जिच्या भोकात बसते ती चाक वळवणारी लोखंडी आर्म, आणि भंगारवाल्याचा डावा हात. हात व्हाइसच्या, बाकड्याला जोडलेल्या लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात होता.

मिस्त्रीनं व्हाइस पाव फेरा आवळला.

"भारी घट्ट बसतो रे तुझा व्हाइस," भंगारवाला दातांतून म्हणाला. "माझ्याकडचा नुसता नावाला आहे."

जुना गिअरबॉक्स विकायचाय, असं सांगून मिस्त्रीनं त्याला बोलावलं होतं. तो हसत आत आला, शटर खाली आलं आणि पहिल्याच ठोशात त्याचे दोन दात गेले.

इतक्या जुन्या लष्करी ट्रकचे भाग आता कुणी बनवत नाही. दादाच्या ट्रकसाठी मिस्त्रीनं सात आवारं पालथी घातली, तेव्हा या माणसाकडे दांडा मिळाला. पिन मात्र कुठेच नव्हती. त्याच आवारात दिसायला हुबेहूब तसाच एक ट्रक गंजत पडला होता. त्याच्या आर्मचं माप घेऊन मिस्त्रीनं पिन स्वतःच्या लेथवर घडवली. ही पिन निमुळती असते आणि भोकात ठासून बसावी लागते. फट राहिली तर हलून हलून सुटते. हे मिस्त्रीनं शिकाऊ पोरांना शंभरदा सांगितलं होतं.

दांडा आणि पिन बसवल्यापासून अकराव्या दिवशी घाटात दादानं स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक वळलाच नाही. दरीतून दादाला वर आणायला दोन गोण्या लागल्या. वहिनी रडली नाही. कुणामुळे झालं, एवढंच तिनं दिराला विचारलं. नाव कळेपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकू नका, म्हणाली.

पिन शाबूत होती. दांडा तुटला होता. मिस्त्रीला आणखी काही बघायची गरज वाटली नाही.

"तडा वेल्डिंगनं बुजवलास आणि वरून रंग फासलास. हो की नाही?"

भंगारवाल्यानं आधी बायकोची शपथ घेतली, मग पोरांची. दांडा होता तसाच दिला, हवं तर कापून बघ, म्हणाला. मिस्त्रीनं अर्धा फेरा दिला. आधी करंगळी मोडली. मधलं बोट मोडलं तेव्हा तो हो म्हणाला. तडा होता, वेल्डिंग केलं, रंगही दिला. कोणता रंग, असं मिस्त्रीनं विचारलं. काळा, म्हणाला. मग मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे बघून हिरवा म्हणाला.

मिस्त्रीनं तिथूनच फोन लावला.

"नाव कळलं वहिनी. त्याच्याच तोंडून."



"भावजी," ती म्हणाली, "तो उद्या हिंडताना दिसता कामा नये."

दांड्याचा एक तुकडा उचलून मिस्त्रीनं भंगारवाल्याच्या डोक्यात तीनदा घातला. दुसऱ्या घावानंतर ओरडणं थांबलं. तिसऱ्यानंतरही तो खाली पडला नाही, कारण हात व्हाइसमध्ये होता. तसाच लोंबकळत राहिला.

वेल्डिंग वहिनीला डोळ्यांनी दाखवायचं होतं. मिस्त्रीनं तुकडा पुसला, जमिनीवर बुटाखाली दाबला आणि तुटलेल्या जागी कटरनं उभा चिरला. आतलं पोलाद एकसंध होतं. त्यानं ते घासून चकचकीत केलं, भिंगातून पाहिलं. वेल्डिंगचा सांधा नव्हता. दुसरा तुकडा चिरला. त्यातही नव्हता; दांडा दरीत आपटूनच तुटला होता.

मग त्यानं हात धुतले, व्हर्नियर आणला आणि उरलेल्या दोन वस्तू मोजल्या, प्रत्येकी तीन वेळा. दादाच्या ट्रकच्या आर्मचं भोक, अरुंद टोकाला, एकोणीस मिलीमीटर. त्यानं त्या दुसऱ्या ट्रकच्या मापानं घडवलेली पिन, त्याच जागी, सतरा पूर्णांक सहा.