नव्या दगडावरचा पाहुणा

"काढून टाकणार का त्याला?" पोरीने विचारलं आणि कवळीवाला असा दचकला, की हातातलं भिंग टबात पडता पडता राहिलं. टबातल्या खेकड्याला बघून नव्हे. पोर त्याच्याशी बोलली होती. थेट, आईला मध्ये न घेता!

लग्न करून तो या मायलेकींच्या घरी राहायला आला, तेव्हापासून असंच चाललं होतं. "आई, त्यांना सांग, पंखा बंद करा." "आई, त्यांना विचार, पेपर वाचून झाला का." आणि 'ते' समोरच्याच खुर्चीत बसलेले! भांडण नाही, रुसवा नाही, उलट उत्तर नाही. पोर नुसती बघत राहायची. तो दाढी करताना बघायची, चहा गाळताना बघायची, फोनवर कुणाशी कसा बोलतो तेही कान देऊन ऐकायची.

माणूस दिवसभर दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या घडवायचा. कुणाच्या जबड्यात काय बसेल आणि काय टोचेल, हे साचा हातात घेऊन सांगायचा. पण या घरात आपण बसतोय की टोचतोय, हे काही त्याला कळेना. बायको म्हणायची, "धीर धरा हो, पोरगी गुणाची आहे." त्याने धीर धरला. गणितं सोडवून दिली, सायकलची चेन बसवून दिली. त्याबद्दल थँक्यूसुद्धा आईमार्फतच आलं. जुनी भाड्याची खोली त्याने अजून सोडली नव्हती. आपल्यामुळे पोरीचा जीव गुदमरत असेल तर मुकाट्याने तिकडे परत जावं, असं आताशा त्याच्या मनात यायला लागलं होतं.

येताना त्याने चार कपडे आणि खाऱ्या पाण्याची ही भलीमोठी टाकी एवढंच आणलं होतं. परवा टाकीसाठी नवा दगड घेतला. समुद्रातला जिवंत दगड. दिसायला मेलेला, पण भोकाभोकांत कोण कोण दडून बसलेलं. असा दगड कुणी थेट टाकीत सोडत नाही. तो आधी वेगळ्या टबात ठेवायचा आणि त्यावरचा एकेक जीव ओळखायचा. चारचौघांत नीट नांदेल तो टाकीत, उपद्रवी निघेल तो बाहेर. नळीतून पिसारा काढणारा किडा ओळखू आला. केसाळ, लांबुडका किडाही ओळखू आला. दिसायला ओंगळ, पण खरकटं साफ करणारा. घोडं अडलं ते खेकड्यापाशी. शर्टाच्या बटणाएवढा, शेवाळी रंगाचा, लवदार पायांचा. रविवारची सकाळ गेली तरी कोण आहे ते कळेना.

"आत्ताच सांगता येत नाही," तो जपून म्हणाला. आपण जोरात बोललो तर पोर पुन्हा गप्प होईल, अशी त्याला धास्ती. "नांग्या बघायला हव्यात. टोकदार असल्या तर मासे धरून खाणारा. चमच्यासारख्या असल्या तर नुसतं शेवाळ खरवडणारा."

"त्याने अजून काही केलंय का?"

"नाही बुवा."

"मग आधी बघू या ना!" तिने स्टूल ओढलं आणि ती शेजारी येऊन बसली.

खेकडा महा हट्टी. नांग्या पोटाशी घेऊन बसलेला. कवळीवाल्याने चिमट्याने सुक्या शेवाळाचा तुकडा पुढे धरला. दोघांची डोकी टबावर एकमेकांना टेकली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, जेवायला येताय की त्या टबातच वाढू?" बायको हात पुसत दारात आली, तिने दोघांना पाहिलं आणि ती हळूच आत गेली. पोळ्या गार झाल्या तरी तिचं काही म्हणणं नव्हतं.

शेवटी खेकड्याला मोह आवरला नाही. एक नांगी बाहेर आली. मग दुसरी. टोकं बोथट, खोलगट.

"चमचे!" पोर ओरडली.

"चमचेच! सज्जन आहे गं गडी!" कवळीवालाही ओरडला. त्याला इतका आनंद नवी टाकी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

मग टबाच्या काठावर नख ओढत पोर म्हणाली, "पण याला कुणी बोलावलं नव्हतं. हा असाच आला, दगडाबरोबर. असं आलेलं चालतं?"

कवळीवाल्याने चिमटा खाली ठेवला. म्हणजे हे होतं तर पोरीच्या मनात! आईबरोबर आपणही न बोलावता आलो, या माणसाला आपण नको असू, हे ओझं घेऊन ही एवढीशी पोर इतके दिवस गप्प! आणि आपण मात्र तिला आपला राग येतो असं समजत बसलो. त्याचे डोळे भरून आले.

"अगं वेडे," तो म्हणाला, "न बोलावता आलं म्हणून काय झालं? दगड आपला, तसे त्याच्यावरचे जीवही आपलेच. असलं काही मनात आणायचं नाही. या घरात तुला कुणी परकं म्हणणार नाही. मी तर नाहीच नाही!"

पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला कळेचना. मग ती खुदकन हसली.

"मला कोण परकं म्हणेल? घर आमचंच आहे की! न बोलावता तर तुम्ही आलात. मी आईला तेव्हाच सांगितलं होतं, आधी लांबून बघेन आणि पसंत पडले तरच बोलेन."