पाच मिनिटं गोड पाणी

जयसिंगरावांनी मासा गोड्या पाण्याच्या बादलीत सोडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं पुरे होती. वल्लरीअक्का यायला अजून अर्धा तास होता. त्या आल्या की याला मारून कल्ले कापणार होत्या.

कल्ल्यांत किडे होते, चपटे, तांदळाच्या कणीएवढे. जगात इतर कुठे दिसले नाहीत असे, म्हणूनच अक्कांना ते हवे होते.

समुद्रापासून दूर, येलहंक्याच्या या प्रयोगशाळेत पाण्यात मीठ कालवून समुद्र करायचं काम जयसिंगरावांचं. खरा समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पुण्याहून आलेल्या अक्का त्यांना गमतीनं समुद्रवाले अण्णा म्हणत. प्रवाळातून आणलेला हा मासा आठ महिने त्यांच्या बोटांतून खात होता.

नवा मासा आला की ते त्याला अशीच बुचकळी देत. किडे आपसूक गळून पडत. याला मात्र द्यायची नाही, अशी अक्कांची ताकीद होती. पण आज किडे काढायचेच आहेत, तर असे काढले म्हणून काय बिघडलं? किडे अक्कांना, मासा टाकीला.

चौथ्या मिनिटाला किडे पांढरे होऊन तळाशी बसले. त्यांनी एकूण एक बशीत वेचले आणि मासा परत खाऱ्या पाण्यात सोडला. कल्ले आता सहज हलत होते.

वल्लरीअक्का आल्या. जयसिंगरावांनी पुढे केलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ वाकून राहिल्या.

"अण्णा, गोड्या पाण्यात हे फुगून फुटतात. यातला एकही कामाचा नाही."

जयसिंगराव चाचरत म्हणाले, दुसरा मासा येईल तेव्हा आपण हात लावणार नाही. अक्का म्हणाल्या, दुसरा येणार नाही. हा जिथून आणला ते प्रवाळ या उन्हाळ्यात मेलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते हातमोजे चढवले.

"आत खोल एखादा चिकटून राहिला असेल. उघडून बघायलाच हवं. मासा काढून देता?"

"स्वल्प थांबा, अक्का," जयसिंगराव म्हणाले.

त्या थांबल्या. कात्री हातात होती.

जयसिंगरावांनी जाळी घेतली आणि दुसरा हात पाण्यात घातला. जाळी लागलीच नाही. मासा आपणहून त्यांच्या बोटांशी आला.