हिराच्या उशाचा खांब

सैबेरियात आगीने गोठलेली जमीन वितळते म्हणून चितेला बंदी होती. तुळशीरामने बायकोला, हिराला, पुरलं होतं. आता तो त्याच दफनभूमीला कुंपण घालत होता. कुंपणाचे खांब वाऱ्यातली थंडी खाली नेऊन जमीन गोठवत. नाहीतर जमीन वितळून कबरी शेजारच्या तळ्यात घसरल्या असत्या. हिराच्या उशाशी शेवटचा खांब रोवून तो नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

“काका, खांबाला मफलर कशाला गुंडाळलात?” सोबतच्या नसीमाने विचारलं. “वारं लागल्याशिवाय तो चालेल कसा?”

“तिला थंडी सोसत नाही गं. जूनमध्येसुद्धा भांडून खिडकी लावायची.”

“खिडकी उघडली की मलाही ओरडायच्या. पण काकी तळ्यात गेल्या तर?”

तुळशीराम थांबला. त्याने मफलर सोडला, हातमोजे काढले आणि तळवे जमिनीवर टेकवले. जमीन गार पडत गेली, तरी त्याने हात उचलले नाहीत.