चादर मिळणार नाही

"आण ती चादर इकडे, उल्जान!" मेट्रन बुबुसारा कडाडली.

उल्जाननं चादरीची घडी घातली आणि ती सरळ खिडकीतून खाली बर्फात भिरकावून दिली. बाकीच्या नर्सांच्या तोंडचं पाणीच पळालं. किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या त्या दवाखान्यात मेट्रनपुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती, आणि ही कालची पोरगी!

कोपऱ्यात सिर्गा कान दाबून डुलत होती. बावीस वर्षांची, जन्मापासून स्वमग्न. अपेंडिक्स सुजलेलं, सर्जन खोळंबलेला, आणि रक्त तपासल्याशिवाय तो सुरी लावणार नव्हता. मागच्या खेपेला चौघींनी तिला चादरीत आवळून सुई टोचली होती. तेव्हापासून तिनं दुखणं सांगणंच सोडलं. या वेळी पोट धरून घरात गप्प बसली ती पार ताप चढेपर्यंत.

"बिश्केकला जाऊन प्रशिक्षण काय घेऊन आलीस, शेफारलीसच की!" बुबुसारा म्हणाली. "अगं, आपण सगळेच पाळण्यात पट्ट्यांनी बांधून वाढलो ना? बांधलं की लेकरू शांत होतं. कुणी मेलं का त्यानं?"

"ती लेकरू नाही, एजे," थोरल्या बाईला तिकडे ताई म्हणून हाक मारतात तशी हाक मारत उल्जान म्हणाली. " ती बाई आहे, आणि नको म्हणतेय. आज पुन्हा बांधलीत, तर पुढच्या दुखण्यात ती इथवर जिवंत यायची नाही. हवं तर मला कामावरून काढा. चादर मिळणार नाही."

दुसरी चादर आणायला कुणी हललं नाही.

उल्जाननं घुंईं करणारी ट्यूबलाइट बंद केली. खिडकीचा उजेड पुरे होता. सिर्गापासून जरा लांब ती फरशीवरच बसली आणि एकेक गोष्ट स्वतःच्या हातावर करून दाखवू लागली. हा रबरी पट्टा. हा ओला कापूस. ही सुई. सिर्गा डुलायची थांबली. मग तिनं बोट दाखवलं ते थेट मेट्रनकडे.

"ती."

"तिला आधी तुमच्या हातावर बघायचंय, एजे."

"मग? मी काय घाबरते होय?" बुबुसारा ऐटीत खाली बसली आणि तिनं बाही वर सारली. उभा जन्म लोकांना टोचण्यात गेलेला बाईचा! उल्जाननं नवी सुई काढली. ती कातडीजवळ आली मात्र, मेट्रननं हात झटक्यात मागे ओढला. चेहरा पांढराफटक.

कुणी हसलं नाही. सिर्गानं तिला नीट निरखून पाहिलं.

"चौघी धरा तिला," ती गंभीरपणे म्हणाली.

"नको!" बुबुसारा किंचाळलीच. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "धरू नका गं. टोचायच्या आधी सांग फक्त. आणि सावकाश."

सिर्गा सरकत सरकत पुढे आली. तिनं आपला हात मेट्रनच्या हाताशेजारी ठेवला.

"मला पण तसंच."