चष्म्यावरून बसेल असा

“ह्यो बी दाबतोय,” नाना म्हणाले आणि त्यांनी चौथा हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

त्यांच्या कानामागे, चष्म्याची काडी टेकते तिथे, दोन्हीकडे लाल वळ उठले होते. क्रांती शनिवारची शाळा उरकून साताऱ्याहून घरी आली, तेव्हा तिला ते पहिल्यांदा दिसले. आज सकाळी चहा झाल्या झाल्या तिने वडलांना शिराळ्याहून एसटीत बसवलं आणि सांगलीच्या या दुकानात आणलं.

“चष्मा काढून ऐकत जावा की नाना,” दुकानदार विश्वजित म्हणाला. चष्मा त्यालाही होता. “ऐकायला डोळे कशाला लागतात?”

“लिवायला लागत्यात.”

“ऐकता ऐकता लिहितात ते,” क्रांतीने सांगितलं. “रोज पाच तास.”

“पाच तास? परीक्षा हाय काय नाना?”

“व्हय. रोज सांजच्याला तोंडी असती.” नानांनी लेकीकडे बोट दाखवलं. “ह्या बाई घेत्यात.”

क्रांतीच्या आईला, अंबूबाईला, जाऊन दहा महिने झाले होते. तिला लिहिता यायचं नाही. फोन हातात आल्यापासून ती साताऱ्याला लेकीला बोलून निरोप पाठवायची. दिवसाला कधी दोन, कधी सात. क्रांतीच्या मागे शाळा, पेपर, मीटिंगा. नंतर ऐकू, असं ती म्हणायची. जानेवारीत आई गेली तेव्हा चारशेच्या वर निरोप न ऐकलेले राहिले होते. ती यादी नुसती समोर आली तरी ती फोन पालथा घालायची. तेराव्यानंतर तिने आपल्या फोनमधून ते सगळे पुसून टाकले. आईच्या फोनमध्ये ते होतेच. तो तिने नानांच्या हातात दिला.

“मला ऐकवत नाही,” ती म्हणाली होती. “तुम्ही ऐका. मला एकेक सांगत जा.”

पलटणीत असल्यापासून नानांना सगळं लिहून ठेवायची सवय. त्यांनी वही केली. रोज संध्याकाळी सात वाजता क्रांतीचा फोन यायचा.

“आज काय म्हणाली आई?”

नाना वाचून दाखवायचे. शेजारणीची म्हैस, जावेचा टोमणा, पावट्याची आमटी. आईचं बोलणं जसंच्या तसं. मागच्या आठवड्यात क्रांती खोकत होती, तर दुसऱ्याच दिवशी नानांना नेमका निरोप सापडला. दह्याला हात लावू नगंस, घसा धरतो तुझा. कुठल्या तरी जुन्या हिवाळ्यातला असणार. त्या दिवशी ती वर्गातही मधूनच हसत होती.

आणि दसऱ्याला निघालेला तो एक. तो तिला पाठ होता. ‘तुला येळ न्हाई, मला ठाव हाय. न्हाई ऐकलंस तरी चालंल. मी आपली बोलत ऱ्हाते.’

त्या रात्री, जानेवारीनंतर पहिल्यांदा, तिला सलग झोप लागली होती.

विश्वजितने पाचवा खोका उघडला. “हा बघा. आख्खा कान आत जातो. गादी कापडी आहे, घाम येत नाही. चष्म्याची काडी स्पंजात रुतून बसते, आणि डोक्याला पकड पण सैल.”

नानांनी तो घातला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग मांडीवर वही असावी तशी मान खाली घातली आणि तसेच बसून राहिले.

विश्वजितने आपल्या फोनवर गाणं लावलं. “आवाज कसा काय?”

“हाय की.”

“अजून वाढवू?”

“नगो. दाबत न्हाई, एवढंच बघायचं हुतं.”

“चार्जिंग तीस तास चालतंय.”

“त्याचं काय न्हाई.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. “नाना, लग्नाचा फेटा पण एवढा पारखून घेतला नसंल तुमी,” विश्वजित म्हणाला.

“फेटा तासाभराचा असतो, गड्या.”

शेवटी त्यांनी तो काढला. क्रांतीने त्यांच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं. दुखलं नाही त्यांना.

“हाच द्या,” ती म्हणाली. “ह्यांच्या फोनला जोडूनच द्या.”

“घरी जोडतो मी.”

“आवं नाना, दोन मिनिटांचं काम.” तिने त्यांच्या खिशातून आईचा फोन काढून दिला.

जोडून झाल्यावर विश्वजितने हेडफोन तिच्यापुढे धरला आणि तिने तो स्वतःच घातला. तिच्याही चष्म्यावरून तो अलगद बसला. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट लांब गेला. आत मऊ, उबदार वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला भीती वाटली नाही.

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. “नाना, दसऱ्याचा तो निरोप कुठला हो? आईच्या तोंडून ऐकते.”

“घरी गेल्यावर ऐक, बाळ.”

“आत्ता धीर झालाय.”

तिने फोन उघडला. आत तिचं नाव होतं. नावाखाली काहीच नव्हतं. तिने वर सरकवलं, खाली सरकवलं, आणि फोन विश्वजितला दाखवला. त्याने बराच वेळ शोधलं.

“ताई, हा जुलैत सगळा पुसून परत चालू केलेला दिसतोय.” त्याने नानांकडे पाहिलं. “पाण्यात पडला होता काय?”

“आषाढात. म्हशीच्या हौदात,” नाना म्हणाले.

“मग जुनं काही निघायचं नाही आता.”

क्रांती नानांकडे बघत राहिली. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. मग हात पुढे करून तिच्या डोक्यावरचा हेडफोन हळूच उतरवून घेतला.

“कान झाकलं की तिच्यावानी सुचतं जरा,” ते म्हणाले.