आणखी रुंद चाकं

"याहून रुंद आहे का?" बाबांनी विचारलं, तेव्हा लेकीचा जीव भांड्यात पडला. रुंद चाकांचा हट्ट त्यांच्याच तोंडून आला, हे बरं झालं.

चाकवाल्याने व्हॅनमधून आणखी एक अलॉयचं चाक उतरवून गॅरेजच्या फरशीवर ठेवलं. लेकीने दारातच ओळख करून दिली होती आणि बाबांनी परक्या माणसाशी करतात तसा रीतसर हात मिळवला होता. त्यांच्यामागे त्यांची लाडकी स्पोर्ट्स कार उभी होती. दोनच सीटची, बुटकी, आणि घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त लाडावलेली.

बेत लेकीचा होता. गेल्या काही महिन्यांत बाबा एकदा एकेरी रस्त्यात उलटे घुसले. एकदा पेट्रोल पंपावर गाडीत नुसतेच बसून राहिले, कारण घर कुठल्या बाजूला ते आठवेना. मग शाळेसमोर एका बाईने पोराला वेळेवर मागे खेचलं म्हणून अनर्थ टळला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गाडी बंद. पण सांगायचं कुणी? उभी हयात शर्यतीच्या गाड्या बांधण्यात गेलेला माणूस. त्याच्याकडे किल्ली मागायची म्हणजे त्याचा हातच तोडून मागण्यासारखं. तिने कितीदा तरी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी चहा घेणार का, एवढंच विचारून ते मिटलं.

म्हणून ही चाकं. गॅरेजसमोरची गल्ली अरुंद होती आणि पलीकडे भिंत. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्याशिवाय गाडी बाहेर निघतच नसे. पुढची चाकं गरजेपेक्षा रुंद बसवली की वळवताना ती मडगार्डला घासणार आणि गाडी जागच्या जागी अडकणार. जुनी चाकं चाकवाला घेऊन जाणार. मग दुसरी मागवली आहेत, येतील, असं म्हणत दिवस ढकलता येतील. दोष चाकांचा, बाबांचा नाही. चाकवाला फोनवर बराच वेळ गप्प होता, पण शेवटी हो म्हणाला होता.

धास्ती एकच होती. बाबांना हे एका नजरेत कळणार.

"पुढेही हीच बसवू ना, उस्ताद?" चाकवाल्याने विचारलं. "चालतील?"

"चालतील? अरे, पळतील!" बाबा स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसले.

मग ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. मडगार्डच्या आत हात घालून त्यांनी कडेवरून बोटं फिरवली. लेक दारातून बघत उभी राहिली. आता ते मान वळवून म्हणतील, कुठल्या गाढवाने हे माप काढलं? म्हणोत बाई एकदाचे. बेत फसला तरी चालेल, असंही तिला क्षणभर वाटलं.

चाकवालाही शेजारी बसला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. बाबा मान हलवत काहीतरी पुटपुटले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गाडीला धरून उठले.

"भरपूर जागा आहे," ते म्हणाले. "हीच बसव."

जागा नव्हती. तिलाही दिसत होतं. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा माणूस, ज्याच्यापुढे भले भले मेकॅनिक चळाचळा कापायचे, त्याला समोरचा टायर दिसला नव्हता. बेत फत्ते झाला होता आणि तिला हुंदका आवरत नव्हता. डॉक्टरांचं बोलणं तिने ऐकलं होतं. पटलं ते आज.

बाबा हात धुवायला आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. चाकवाला नट सैल करायला खाली वाकला, पण पाना लावलाच नाही.

"ताई, एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "तुमचा फोन आला, त्याच्या आदल्या दिवशी उस्ताद माझ्या दुकानात आले होते. टॅक्सीने, एकटेच."

"कशाला?"

"हीच चाकं निवडायला. म्हणाले, पुढून घासतील अशीच दे, गाडी गॅरेजबाहेर पडता कामा नये. माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. आणि पोरीला किल्ली मागायचा धीर होत नाही, सारखी चहाचं विचारते नि निघून जाते. तिला न कळता उरकून टाक. मला शपथ घातली होती, म्हणून मी फोनवर बोललो नाही."

लेकीने तोंडावर हात दाबला. हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणजे दारातलं ते परक्यासारखं हात मिळवणं, ती मडगार्डमधली बोटं, ते "भरपूर जागा आहे" म्हणणं, सगळं सोंग! म्हातारा पक्का बेरकी निघाला. बापाला फसवतोय म्हणून ती आतल्या आत मरत होती, आणि बाप तिच्या दोन पावलं पुढे होता. शाबूत होता. आत्ता धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं, असं तिला झालं.

"मला कळलंच नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "कसलं बेमालूम नाटक केलं हो त्यांनी."

चाकवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मलाही आधी तेच वाटलं, ताई. म्हणून मघाशी चाकापाशी हळूच विचारलं, ठरल्याप्रमाणेच ना, उस्ताद? तर म्हणाले, अरे, कसलं ठरलंय? आपण तर आज पहिल्यांदाच भेटतोय."